मुकादमाची खूण

१० मार्च

माझी ठमाबाई,

तुझं पत्र आलं आणि फोडायच्या आधीच मी ते सगळ्या जिन्याला दाखवून आले. खालची लाँड्रीवाली म्हणाली, "अहो आजी, वाचलंत तरी का?" म्हटलं, वाचायला काय, अख्खी दुपार पडलीय, आधी मिरवू तर दे! ती घरमालकीण असली म्हणून काय झालं, तिच्या नाती कुठे पत्र लिहितात?

फोनपेक्षा हे बरं बाई. फोनवर तू बाटलीत कोंडलेल्या माशीसारखी ऐकू येतेस. माझा डावा कान कारखान्याने ठेवून घेतला, उजवा तेवढा घरी आणला, तोही कामचुकार. पत्राचं कसं, चष्मा लावला की ऐकू येतं. जोडाक्षर आलं की माझा हात अडखळतो, त्याला हसायचं नाही. चौथीच्या पुढे आम्हाला कुणी बोलावलं नाही.

तर तू जनावरांच्या दवाखान्यात लागलीस आणि कुत्र्यांचे कान साफ करतेस! तुझ्या बापाचे कान मी गुडघ्यात डोकं दाबून साफ केले, तेव्हा मला कुणी नोकरीवर नाही ठेवलं. आनंद झाला गं. तुझे आजोबा असते तर मिशीतल्या मिशीत हसले असते.

आता आपल्या मुकादमाचं सांगते. तो बोलत नाही माझ्याशी. म्हणजे कुत्रं बोलत नाहीच, पण हा ऐकतही नाही. हाक मारली की ढिम्म. बशी वाजवली, पाव दाखवला. पाव दिसला की येतो, खातो, परत पाठ करून बसतो. आजोबा गेले त्या दिवशी घरात माणसं फार, म्हणून मी त्याला स्वयंपाकघरात कोंडलं होतं. तो राग धरलाय त्याने. आणि रोज संध्याकाळी, आजोबांची फिरायला जायची वेळ झाली, की दारापाशी जाऊन उभा. अंधार पडेपर्यंत उभा. मी म्हणते, अरे राजा, नाही यायचे आता. तो वळूनसुद्धा बघत नाही. शोक मी पण करतेय की. पण माझ्याबरोबर नाही करायचा त्याला.

शिवाय डोकं सारखं झटकतो, कान खाजवतो, आणि कानाला वास मारतो, शिळ्या पावासारखा. मी दोन थेंब कोमट तेल सोडलं. तुम्हा सगळ्यांना तेच सोडलंय, कुणाचं काय बिघडलं? तर गुरगुरला माझ्यावर. माझ्यावर गं!

तुझ्या गालाला माझं नाक घासून,
आजी


१८ मार्च

आजी,

तेल नको! आधी हे वाच, मग बाकीचं. तेल नको, कानकाडी नको, काही म्हणजे काही आत घालू नकोस. कुत्र्याच्या कानाची नळी आपल्यासारखी सरळ नसते. आधी खाली जाते आणि मग आत वळते, जिन्याला मधे वळण असतं ना, तशी. आत गेलेलं तेल तिथेच साठतं. आणि आतला पडदा फाटलेला असला तर फारच वाईट. डोकं झटकणं, वास, खाजवणं, हात लावला की गुरगुरणं, यातलं काहीही रागाचं नाही गं. दुखतंय त्याला. उद्याच डॉक्टरांकडे ने.

आणि एक कर. तो पाठमोरा असताना मागे उभी राहा. पाय आपटायचा नाही, नाहीतर त्याला जमिनीतून कळेल. किल्ल्यांचा जुडगा वाजव. नुसतं बघ, त्याचा कान हलतो का.

आमच्याकडे एक पांढरी मांजर येते, डोळे निळेशार. अशा मांजरांपैकी पुष्कळजणी जन्मापासून बहिऱ्या असतात. तिच्या घरचे वर्षभर म्हणत होते, फार आढ्यतेखोर आहे, बोलावलं तर बघत नाही. ती बिचारी आढ्यतेखोर नव्हतीच.

मला काय म्हणायचंय ते कळलं ना तुला?

तुझी ठमी


२६ मार्च

ठमे,

कळलं, पण पटलं नाही. मुकादम बहिरा? ज्याने जिन्यावरच्या प्रत्येकाला ओळखून भुंकायचं ते भुंकलंय, तो? तुझं ते परीक्षेचं केलं मी. किल्ल्या कुठे सापडेनात, म्हणून पातेल्याचं झाकण टाकलं लांब स्वयंपाकघरातल्या फरशीवर. खालून लाँड्रीवाली इस्त्री तशीच ठेवून धावत वर आली, म्हणाली, "आजी, पडलात का?" आणि हा? ढिम्म. पाठ तशीच. बघ, केवढा रुसलाय!

आता हसू नकोस, पुढचं वाईट आहे. ती वर आली तशी तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. झोपलेलाच होता. दचकून उठला आणि तिच्या मनगटाला दात लावले. रक्त नाही आलं, पण तिचा चेहरा इस्त्री केलेल्या चादरीसारखा झाला, पांढरा आणि ताठ. म्हणाली, "आजी, तुमचं दुःख मला समजतं, पण माझ्या गिऱ्हाइकांची पोरं जिन्यावर खेळतात. चावरं कुत्रं मी ठेवू देणार नाही. उन्हाळा संपेपर्यंत काय ते बघा." तुझ्या बापाला सांगितलं, तर तो लगेच, "मी म्हणतच होतो, देऊन टाक कुणाला तरी, आणि तू माझ्याकडे ये." त्याच्या घरात कुत्र्याला मज्जाव, हे ठाऊक आहे तुला.

ठमे, हे घर म्हणजे मी, मुकादम, आणि खुंटीवरची आजोबांची टोपी. टोपी काही हूं की चूं करत नाही. उरला कोण?

तो बहिरा नाही. बहिरा असता तर बरोबर त्या वेळेला दारापाशी कसा जातो? तो वाट बघतोय. मला सोडून त्यांची वाट बघतोय.

आजी


३ एप्रिल

आजी,

ऐक ना. वेळ कळायला कान लागत नाहीत. खिडकीतलं ऊन फरशीवर कुठवर आलं, तू चहाचं भांडं कधी चढवलंस, खालच्या इस्त्रीचा वास कधी थांबला, त्याला सगळं कळतं.

तो चावरा झालेला नाही. ऐकू येत नसलेल्या कुत्र्याला झोपेत मागून हात लावला तर त्याला वाटतं आभाळ कोसळलं. उठवायचं असेल तर आधी जवळच्या फरशीवर पाय आपट, किंवा नाकासमोर हात धर, वासाने जागा होऊ दे, मग हात लाव. हे लाँड्रीवाल्या काकूंना पण सांग. आणि बाहेर नेताना पट्टा सोडायचा नाही, कधीच. गाडी मागून आली तर त्याला कळणार नाही.

डॉक्टरांकडे गेलीस का? मला माहितीय तू नाही गेलीस. तुला भीती कशाची वाटते ते सांग मला.

ठमी


१४ एप्रिल

ठमाबाई,

गेले. पायाचं दुखणं सांगून लाँड्रीवालीच्या नवऱ्याच्या हातगाडीतून गेले, मी आणि मुकादम, कपड्यांच्या गाठोड्यांमध्ये. रस्त्यातली माणसं बघत होती. वरात म्हणजे वरात!

डॉक्टर तरुण, मुकादमाच्या कानात नळी घालून त्याने बत्तीने आत बघितलं. पडदा शाबूत आहे म्हणाला, माझं नशीब थोर. पण आत घाण साठून सूज आली होती, दोन्हीकडे. धुवायचं औषध दिलंय आणि थेंब. औषध आत सोडायचं, कानाच्या बुडाशी बाहेरून चोळायचं, चिखलात पाय पडल्यासारखा आवाज येतो, मग त्याला डोकं झटकू द्यायचं आणि जेवढं वर येईल तेवढंच कापसाने पुसायचं. आत बोट खुपसायचं नाही. मी म्हटलं, माझी नात हेच सांगते. तो म्हणाला, "मग मला कशाला विचारता?" चुणचुणीत आहे.

मग त्याने मुकादमाच्या मागे उभं राहून टाळी वाजवली. पत्र्याचा डबा वाजवला. मग मला समोरच्या खुर्चीवर बसवून म्हणाला, "आजी, सूज उतरेल, दुखणं जाईल. ऐकू येणं परत नाही येणार. वयामुळे आहे ते."

आणि ठमे, मी हसले! मोठ्याने हसले. डॉक्टर घाबरला, पाणी आणायला धावला. त्याला काय सांगू? मुकादम रुसलाच नव्हता गं. मी मारलेली एकही हाक त्याने नाकारली नव्हती, त्याच्यापर्यंत ती पोहोचलीच नव्हती. सगळ्या रस्त्याने त्याचं डोकं मांडीवर घेऊन आले. लाँड्रीवाला म्हणाला, "काय आजी, लॉटरी लागली काय?"

घरी आले, चपला काढल्या, आणि मग रडू आलं. तू विचारलंस ना, भीती कशाची. याची. रुसला होता तोवर मला वाटायचं, आजोबा गेले हे त्याला ठाऊक आहे. घरात दोघं जण आहोत ज्यांना ठाऊक आहे. आता कळलं, एकटी मीच आहे. त्या दिवशी घरात केवढी रडारड झाली, त्याच्या कानावर काहीच गेलं नाही. तो स्वयंपाकघरात होता, बाहेर आला, तर माणूस नाही. एवढंच त्याचं. कुणी त्याला सांगितलंच नाही. आणि आता कसं सांगू? कानात सांगायची सोय नाही.

डॉक्टर आणखी एक म्हणाला, ते डोक्यात फिरतंय. म्हणाला, हे आजचं नाही, फार आधीपासून ऐकू येत नसणार. मग आजोबा त्याला बोलवायचे कसे? रोज संध्याकाळी दोघं जायचे, पट्टा नुसता नावाला, हातात गुंडाळलेला. मी चुलीपाशी असायचे, माझी पाठ त्यांच्याकडे. आता आठवून बघते, तर त्यांनी हाक मारलेली मला आठवतच नाही.

आजी


२१ एप्रिल

आजी,

मला आठवतं. मागच्या सुट्टीत मी आले होते तेव्हा. मुकादम खिडकीपाशी होता, आजोबा दारात. त्यांनी दोन बोटं स्वतःच्या खांद्यावर टेकवली, टकटक. मला वाटलं खांदा दुखतोय, मी मलम आणायला उठले. तोवर मुकादम उठून त्यांच्याकडे गेला. मग त्यांनी तळहात खाली दाबला, आणि तो बसला. मी म्हटलं, "आजोबा, त्याला ऐकू येत नाही का?" ते हसले. म्हणाले, "आजीला नको सांगूस. या घरात आता कुणालाच धड ऐकू येत नाही म्हणून ती बसेल डोळे पुसत."

मी सांगितलं नाही. नंतर सांगायला जमलं नाही. ती बोटांची भानगड मला काही कळली नव्हती. तुला काही कळतं का?

ठमी


२९ एप्रिल

अगं ठमे, ठमे, ठमे,

काखेत कळसा आणि गावाला वळसा! तुझं पत्र वाचताना "दोन बोटं खांद्यावर" इथे आले आणि चष्माच काढून ठेवला. ती मागाची खूण आहे गं! कळत कसं नाही? निम्मं आयुष्य त्या खुणांत गेलं माझं.

तुला कुणी सांगितलं नसेल. कारखान्यात कापड विणायच्या मागांच्या खोलीत शेजारचा माणूस बोंबलला तरी ऐकू येत नाही, इतका खडखडाट. तिथे तोंडाने बोलायचा रिवाजच नव्हता. हाताने बोलायचं. मूठ ओठाला, म्हणजे चहा. तळहात खाली दाबला, म्हणजे माग थांबव, धागा तुटलाय. दोन बोटं खांद्यावर, म्हणजे मुकादम येतोय, कामाला लागा. खांद्याला पट्टी लावायचा ना तो मेला. मी पलीकडच्या रांगेत सुताच्या कांड्या भरायचे आणि तुझे आजोबा मागावरून, चहा नको असताना, मला चहाची खूण करायचे. अख्खी पाळीभर, सुटीचा भोंगा होईपर्यंत. माझी मैत्रीण म्हणाली, "त्या माणसाला पोटाचा विकार आहे, बाई, एवढा चहा!" असं आमचं जमलं. लग्न होईपर्यंत त्यांचा आवाज कसा आहे हे मला नीटसं माहीत नव्हतं. बारीक निघाला. मी फार हसले होते.

आणि कुत्र्याचं नाव मुकादम का, तर जन्मभर मुकादमाने त्यांना उठवलं बसवलं, आता ते मुकादमाला उठवणार बसवणार. काम सुटल्यावर आम्ही घरात तोंडाने बोलायला लागलो आणि मी खुणा विसरले. ते विसरले नाहीत. माझ्या पाठीमागे कुत्र्याशी बोलत राहिले.

पत्र टेबलावर ठेवलं. मुकादम दारापाशी होता, तोंड दाराकडे. मी फरशीवर पाय आपटला. वळला. मी दोन बोटं खांद्यावर टेकवली.

ठमे, काय सांगू. आधी नुसता बघत राहिला. मग शेपटीचं टोक हललं. मग उठला, म्हातारपणाने लंगडणाऱ्या मागच्या पायाने, आणि सरळ माझ्याकडे. माझ्या गुडघ्यावर डोकं टेकून उभा राहिला. मी तळहात दाबला, बसला. मूठ ओठाला लावली, तर उठून वाडग्यापाशी जाऊन उभा! हा पण चहाचाच भोक्ता. मी त्याला दूध दिलं आणि स्वतःला चहा, आणि दोघं एकमेकांकडे बघत प्यायलो. वर्षं न् वर्षं माझ्याशी कुणी त्यांच्या भाषेत बोललं नव्हतं.

लाँड्रीवालीला वर बोलावून दाखवलं. नाकासमोर हात कसा धरायचा तेही शिकवलं. तिने भीत भीत दोन बोटं खांद्यावर ठेवली आणि हा गेला की तिच्याकडे. "अगंबाई," म्हणाली, "माझा नवरा इतका ऐकत नाही." उन्हाळ्याचं काही बोलली नाही. जाताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवून गेली, आधी नाकासमोर धरून.

एक खूण मात्र मी केलेली नाही. पाळी सुटली की आम्ही दोन्ही तळवे एकमेकांवर घासायचो, हाताला चिकटलेला कापूस झाडल्यासारखे, आणि दाराकडे हात करायचो. म्हणजे सुटलो, चला घरी. फिरायला निघताना आजोबा त्याला हीच करत असणार. तीच खूण बघायला तो संध्याकाळी दारात उभा राहतो, हे आता कळतंय मला. फिरायला मी नेते त्याला, पट्टा घट्ट धरून, सकाळी. पण संध्याकाळची ती खूण त्यांची. ती मी करायची नाही.

तुझ्यामुळे गं, पोरी. कान धुणारीमुळे.

आजी


८ नोव्हेंबर

आजी,

तुझी आधीची पत्रं कशी धबधब्यासारखी यायची. मुकादम लाँड्रीत गाठोड्यांवर झोपतो, जिन्यावरची पोरं पण खुणा करायला लागली, एकाने चुकून चहाची केली आणि मुकादमाने त्याचं बिस्कीट खाल्लं. मी ती दवाखान्यात मोठ्याने वाचून दाखवते. आता महिना होत आला, काहीच नाही. बाबा म्हणाले मुकादम खात नाही. ते एवढंच म्हणाले, आणि मग हवापाण्याचं बोलायला लागले. म्हणून मला कळलं.

त्याला पाणी जातंय का? दुखतंय का? तिथल्या डॉक्टरांना विचार, दुखणं कमी करायला काही देता येईल. कान अजून पुसतेस ना? मी रजा मागितलीय. तू एकटी राहू नकोस.

ठमी


१७ नोव्हेंबर

ठमे,

तुझं पत्र वेळेवर आलं आणि मी उत्तर दिलं नाही, कारण हातात त्याचं डोकं होतं.

कान शेवटपर्यंत स्वच्छ होते, हे आधी सांगते. डॉक्टर घरी आला होता, कानात बघून म्हणाला, "आजी, कान तर एकदम झकास." मूत्रपिंडं थकली म्हणाला. कान नव्हे, दुसरंच काहीतरी. दुखू नये म्हणून सुई दिली. लाँड्रीवालीने सगळ्यांत मऊ चादर आणून त्याच्याखाली घातली, गिऱ्हाइकाची होती, म्हणाली, "हरवली म्हणून सांगेन."

शेवटच्या दिवशी उठता येत नव्हतं. पण ऊन फरशीवरून भिंतीवर चढलं आणि त्याने मान वळवली. दाराकडे. तेवढीच हलत होती. मी खांद्यावर बोटं टेकवली, माझ्याकडे बघितलं, आणि परत दाराकडे. चहाची केली, तरी परत दाराकडे.

मला किती वाटत होतं, की बघू नये त्याने तिकडे. माझ्याकडे बघावं. मग म्हटलं, अगं, तो कोणाला शोधतोय? पाळी कधी सुटते तेवढंच बघतोय. एवढे महिने कामावर उभा आहे बिचारा, कुणी सुटका सांगितली नाही म्हणून. आणि सांगणारं माझ्याशिवाय कोण आहे?

मी उठले. गुडघे धरून जाऊन दारात बसले, त्याच्या समोर, जिथे आजोबा उभे राहायचे तिथे. नाकापुढे हात धरला. त्याने वास घेतला. मग मी दोन्ही तळवे घासले, कापूस झाडल्यासारखे, सावकाश, तो बघतोय ना याची खात्री करून. आणि दाराकडे हात केला.

त्याने शेपूट एकदा फरशीवर आपटली. मला ते तळपायाला कळलं. मग मान खाली टाकली, माझ्या पावलावर. तुझे आजोबा गेले तेव्हा मी ही खूण केली नव्हती. त्या खोलीत एवढी माणसं होती, आणि सगळी तोंडाने बोलत होती. म्हणून मी दोघांसाठी केली.

तू ये. रजा मिळाली नाही तरी ये, सांग आजी आजारी आहे, मी खोकून दाखवीन. पण आलीस की खालून हाक मारू नकोस, उजवा कानही आता पाळी संपवून घरी जायच्या बेतात आहे. जिन्यावर जोरात पाय आपटत ये. मी फरशीवर अनवाणी बसलेली असेन. मला कळेल.

आजी